धुऱ्यावरचे बाळ आणि पानठेल्यावरचा बाप

आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू होतो आणि त्याच सुमारास गोंदिया जिल्ह्यातल्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी सुरू होते. आमगाव, सालेकसा, गोरेगाव, तिरोडा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, कुठल्याही तालुक्यात जा, चित्र एकच दिसेल. चिखलात वाकलेल्या बायांची रांग, आणि धुऱ्यावर छत्रीच्या नाहीतर मेणकापडाच्या आडोशाला निजवलेले तान्हे मूल. त्या मुलाजवळ कोण बसले आहे, ते जरा नीट पाहा. आठ-दहा वर्षांची त्याची बहीण बसलेली असते. शाळा त्या वेळी सुरू असते, हजेरीपटावर तिचे नाव असते आणि ती मात्र धुऱ्यावर भावाच्या अंगावरच्या माश्या हाकलत असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कोणत्याही गुरुजींना विचारा, रोवणीच्या दिवसांत वर्गातल्या कोणत्या जागा रिकाम्या असतात ते.

आणि बाप? बापाने सकाळी चिखलणी केली, पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत टाकल्या आणि तो मोकळा झाला. किंवा तो गावातच नाही. नागपूरला, हैदराबादला बांधकामावर आहे. किंवा गावातच आहे, पण पानठेल्यावर आहे. तिघांपैकी पहिल्याला आणि तिसऱ्याला मूल कडेवर घेता आले असते. त्याने ते घेतले नाही, कारण ते आपले काम आहे असे त्याला कोणी कधी सांगितलेच नाही. त्याच्या वाटचे काम शेवटी त्याच्या मुलीच्या अंगावर पडले. बापाने मूल सांभाळावे की नाही, हा विषय मोठी वृत्तपत्रे रविवारच्या कौटुंबिक पुरवणीत टाकतात. सोबत शहरातल्या एखाद्या हसऱ्या बापाचे छायाचित्र असते. आमच्या दृष्टीने हा श्रमाच्या वाटणीचा आणि शाळेत न गेलेल्या त्या पोरीचा प्रश्न आहे. म्हणून तो अग्रलेखाचा विषय आहे.

२०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया निघाल्या. या आकड्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण माणसांची संख्या बरोबरीची झाली म्हणजे श्रम बरोबरीचे झाले असे नाही. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर लोकांच्या दिवसाच्या वेळेचे सर्वेक्षण केले. १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची, म्हणजे मुलांची, म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची काळजी घेण्यात दिवसाचा काही वेळ घालवतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के. जे पुरुष हे काम करतात ते दिवसाला ७४ मिनिटे करतात, स्त्रिया १४० मिनिटे. स्वयंपाक, पाणी, धुणीभांडी यात धरलेली नाहीत. म्हणजे पाचांपैकी चार पुरुषांच्या दिवसात काळजी घेण्याचे काम जवळपास शून्य आहे.

यावर ठरलेले उत्तर येते, की निसर्गच तसा आहे, मूल आईचेच असते. हे उत्तर ऐकले की आमचे कान टवकारतात, कारण निसर्गाच्या नावाने या देशात काय काय खपवले गेले आहे हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. झाडू कोणाच्या हातात आणि पोथी कोणाच्या हातात हेही निसर्गानेच ठरवले होते म्हणे! मूल जन्माला घालणे, जन्मलेल्याचे पालनपोषण करणे आणि रोजचा प्रपंच चालवणे यांचा आधार स्त्री, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. तो ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. आम्ही दर वर्षी त्या दिवशी सभा घेतो. पण सभेला जाताना तान्हे मूल कोणाकडे सोपवून जातो? नववा अध्याय आमच्या घरात अजून शाबूत आहे.

निसर्गाचे म्हणाल तर निसर्ग वेगळेच सांगतो. मध्य आफ्रिकेच्या जंगलात अका नावाचे शिकारी लोक राहतात. त्यांच्यात बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या मुलाच्या हाताच्या अंतरावर असतो, असे बॅरी ह्युलेट या अभ्यासकाने त्यांच्यात राहून मोजून दाखवले. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. हे लोक जाळी लावून शिकार करतात आणि त्या शिकारीला नवरा, बायको, मुले सगळे बरोबर जातात. काम एकत्र, म्हणून मूलही दोघांचे. फिलिपिन्समध्ये सेबू शहराच्या परिसरात शेकडो तरुणांच्या लाळेची तपासणी काही वर्षांच्या अंतराने दोनदा झाली. २०११ साली निष्कर्ष आला, की बाप झालेल्यांच्या अंगातले टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ज्याला आपण पुरुषीपणाचा रस समजतो ते, खाली आले होते. आणि जे रोज तीन तास किंवा जास्त मुलांमागे घालवत होते त्यांचे सर्वांत कमी होते. म्हणजे मूल सांभाळता सांभाळता बापाचे शरीरही त्या कामाला तयार होते. अंगावरचे दूध सोडले तर असे एकही काम नाही जे बापाला करता येत नाही. आंघोळ घालणे, भरवणे, लंगोट बदलणे, झोळी हलवणे, ताप आला तर रात्रभर जागणे, लसीच्या दिवशी उपकेंद्रात नेणे. यातल्या कोणत्या कामाला स्त्रीचे शरीर लागते?

तेव्हा निसर्ग बाजूला ठेवू आणि आपल्या जिल्ह्यात हे ठरवते कोण ते पाहू.

पहिले ठरवते ते काम. बिडीचे उदाहरण घ्या. जुन्या भंडारा जिल्ह्यात, ज्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, बिडीच्या धंद्याने पिढ्यानपिढ्या घरे चालवली. तेंदूपाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा आणि मजुरी हजार बिड्यांमागे. हे काम बाई घरी बसून करते. घरी बसून करते म्हणून ते काम दिसत नाही, आणि 'ती घरीच तर असते' असे म्हणून मूलही तिच्याच मांडीवर येते. एका मांडीवर सूप, दुसऱ्या मांडीवर मूल. मूल रडले की हात थांबतो, हात थांबला की हजारी पुरी होत नाही. मुलाच्या संगोपनाची किंमत ती रोज मजुरीतून मोजते आणि हिशेबात ती कुठेच लिहिली जात नाही. तंबाखूची धूळ त्या मुलाच्या नाकातोंडात जाते ती वेगळीच.

बाप बाहेर. राइस मिलमध्ये पोती वाहणारा हमाल बारा तासांनी घरी येतो तेव्हा मूल झोपलेले असते. पहाटेची गाडी पकडून नागपूरला जाणारा रात्रीच्या गाडीने परततो. जो हैदराबादला गेला तो दिवाळीला आणि १४ एप्रिलला येतो आणि त्याचे पोर त्याला पाहून आईच्या पदराआड लपते. या बापांना नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. पोट भरण्यासाठी ज्याला मुलापासून चारशे-पाचशे किलोमीटर दूर राहावे लागते त्याच्यावरही अन्याय झाला आहे. त्याचे बापपण ठेकेदाराने स्वस्तात विकत घेतले आहे. पण ही सवलत पानठेल्यावर बसलेल्याला मिळणार नाही. ज्याच्या हाताला जून-जुलैत अर्धा दिवस काम नसते आणि तरीही ज्याचे मूल धुऱ्यावर असते, त्याच्या बाबतीत ठेकेदाराकडे बोट दाखवता येत नाही. दारूच्या दुकानासमोरच्या रांगेबद्दल तर आज आम्ही लिहीतही नाही. त्यावर वेगळा अग्रलेख लागेल.

दुसरे ठरवतो तो कायदा. कायद्याची भाषा नीट वाचा. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात पाळणाघर लागायचे ते कारखान्यात 'स्त्री कामगार' किती आहेत ते मोजून. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यातही तेच, आणि तेही कारखान्याच्या जागेपुरते. घरी बिड्या वळणारीला पाळणाघर नव्हतेच. पुरुष कामगार हजार असले तरी त्यांना मुले नाहीत असे कायद्याने गृहीत धरले. २००५ चा रोजगार हमी कायदा आला. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांमध्ये गोंदिया होता. कामावर 'स्त्रियांसोबत' आलेली पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला त्यातलीच एक स्त्री नेमावी, अशी तरतूद त्यात होती. चांगली तरतूद होती, पण पुरुषासोबत मूल कामावर येईल ही कल्पना कायदा लिहिणाऱ्याला शिवली नाही आणि सांभाळायला पुरुष नेमावा हीसुद्धा नाही. आता २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात पाळणाघरासाठी पन्नास कर्मचारी मोजले जातात, ते स्त्री असोत की पुरुष. एवढी सुधारणा झाली. पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला पाहण्याची मुभा स्त्रीलाच. बापाच्या प्रसूतीकाळच्या रजेचा तर संपूर्ण संहितेत उल्लेख नाही. खासगी कारखान्यातला बाप मूल झाले त्या दिवशी रोजी बुडवून दवाखान्यात जातो, नाहीतर जातच नाही.

सरकारी नोकराची गोष्ट थोडी बरी. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १९९७ पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. महाराष्ट्र सरकारने २३ जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. कोणाला? महिला कर्मचाऱ्यांना. आणि पुरुषांमध्ये ज्याची पत्नी हयात नाही, किंवा जी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे, त्याला. शासनाच्या हिशेबात बापाने मूल सांभाळावे, पण आधी त्याची बायको मेलेली असावी! ज्या कारकुनाने हे लिहिले तो काही दुष्ट माणूस नसेल. त्याने समाजात जे पाहिले ते कागदावर उतरवले. याच शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात बापाच्या नावाआधी आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण आईचे नाव दाखल्यावर पुढे आले म्हणून बापाचा हात पाळण्याच्या दोरीला लागला असे होत नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाला कुठून हात घातला ते पाहण्यासारखे आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी गिरणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मालकाने व सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी खाणीतल्या स्त्रियांपर्यंत हा विचार नेला. आणि २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची जी परिषद भरली, तिने गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांतल्या स्त्री कामगारांसाठी पगारी रजेची मागणी ठरावाने केली. बिडी कारखाने हा शब्द त्या ठरावात आहे, हे गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकांनी विसरू नये. त्या बाया आमच्याच आज्या-पणज्या होत्या. मूल वाढवणे हे राष्ट्राचे काम आहे, हे बाबासाहेबांनी १९२८ सालीच मांडले. आता ज्या राष्ट्राचे हे काम आहे त्यात निम्मे पुरुष आहेत, एवढेच पुढचे वाक्य आपल्याला बोलायचे आहे.

ते कसे अमलात येते याचा एक अनुभव स्वीडनचा आहे. १९७४ साली त्या देशाने बाळंतपणाची रजा आई-बाप दोघांसाठी खुली केली, कोणीही घ्यावी. बापांनी घेतलीच नाही. सगळी रजा आयांच्याच वाट्याला गेली. सरकारने वीस वर्षे वाट पाहिली. मग १९९५ साली एक महिना बापासाठी राखीव केला. बापाने तो घेतला नाही तर तो बुडतो, आईला देता येत नाही. बाप घरी बसू लागले. २००२ साली दुसरा आणि २०१६ साली तिसरा महिना राखीव झाला. आज तिथल्या रजेच्या दिवसांपैकी सुमारे तीस टक्के दिवस बाप घेतात. आमच्या वाचकांना यात काही ओळखीचे वाटेल. दार सर्वांना खुले आहे असे नुसते म्हटल्याने परंपरा मोडत नाही, जागा राखीव करावी लागते, हे आम्ही या देशाला किती दशके सांगत आहोत! फरक एवढाच, की आपले आरक्षण अन्यायाने नाकारलेला हक्क परत मिळवण्यासाठी आहे आणि तिथले आरक्षण पुरुषाने टाळलेले कर्तव्य त्याच्या गळ्यात बांधण्यासाठी. दोन्हीकडे तर्क मात्र एकच.

आता आपल्या घराकडे वळू. चळवळीतले काही कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेबांनी तरी कुठे मुले सांभाळली, सगळे माता रमाईंनी सोसले. हे बोलताना जीभ थोडी अडखळायला हवी. रमाई आणि बाबासाहेबांची पाच मुले. त्यांतली चार गेली आणि एकटे यशवंतराव उरले. १९२६ च्या जुलैत राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना जे पत्र लिहिले ते मिळवून वाचा. मुलाच्या जाण्याने मोडून पडलेला बाप त्यात दिसतो. तो माणूस न्यूयॉर्कला आणि लंडनला गेला तो कोट्यवधींच्या मुक्तीची विद्या आणायला. त्याची किंमत रमाईंनी आणि त्या लेकरांनी मोजली. ती किंमत होती, तिला आदर्श म्हणून मिरवू नये. आणि तुम्ही गोलमेज परिषदेला निघालेले नाही. तुम्ही चौकात निघाला आहात.

बापाचा आदर्शच हवा असेल तर सुभेदार रामजीबाबांकडे पाहा. १८९६ साली भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव पाच वर्षांचे होते. घरातली चूल आत्या मीराबाईंनी सांभाळली, हे खरे. पण त्या फौजी माणसाने मुलाचा अभ्यास स्वतःच्या अंगावर घेतला. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत पहाटे दोन वाजता ते भीमाला उठवत. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन हात पसरत, त्यांचे दागिने गहाण ठेवून पुस्तक आणत. लेकींचे दागिने सोडवायला पेन्शनीची वाट पाहत. आणि हे सगळे कोणी पाहावे म्हणून नव्हे. राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या मागे एक जागा बाप होता, हे जयंतीच्या किती भाषणांत आपण ऐकले?

बापाला अडवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत, त्या लहान वाटतात पण फार जोर करतात. एक म्हणजे हसणे. गावातून बाप मूल खांद्यावर घेऊन, हातात दुधाची बाटली घेऊन निघाला की पारावरून 'जोरू का गुलाम' ऐकू येते. गोंदियात मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी, गोंडी सगळ्या भाषा चालतात आणि या एका टोमण्याला प्रत्येक भाषेत शब्द आहे. घरात सासूही म्हणते, 'दे इकडे, तुला काय जमते?' आणि बाप सुटल्यासारखा मूल देऊन टाकतो. जमत नाही हे खरे, पण आईलाही पहिल्या दिवशी जमत नव्हते. तिला पळून जायला जागा नव्हती म्हणून ती शिकली.

दुसरी गोष्ट दवाखाना. सरकारी प्रसूती विभागाच्या दाराशी बापाला थांबवतात. आत सासू, आई किंवा नणंद. २०१६ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी असे सांगितले आणि जिथे इतर बायांचा आडोसा राखता येईल तिथे नवराही चालेल असे म्हटले. आडोशासाठी पडदे लागतात, जागा लागते, आणि एका खाटेवर दोन बाळंतिणी असलेल्या विभागात ते कुठून आणणार? परिणाम असा, की मूल जन्माला येते त्या पहिल्या तासातच बापाला कळते की हे आपले क्षेत्र नव्हे. पुढे अंगणवाडीत मातांची बैठक, शाळेत माता-पालकांचा मेळावा, लसीकरणाला आशाताई येते ती आईलाच शोधत. सगळ्या दारांवर आईचे नाव लिहून ठेवायचे आणि मग बाप आत येत नाही म्हणून तक्रार करायची, हा प्रकार थांबला पाहिजे.

करण्यासारखे बरेच आहे आणि सगळ्याला सरकारची वाट पाहावी लागत नाही. जिल्ह्यातल्या गावोगावच्या विहारांना पक्के छप्पर आहे, बहुतेक ठिकाणी वीज आहे, आणि रोवणीच्या महिन्यात दिवसा तिथे कोणी नसते. वर्षावासात संध्याकाळी ग्रंथवाचन होते. सकाळी दहा ते चार त्याच सतरंजीवर गावातली तान्ही मुले का राहू नयेत? सांभाळायला दोन बाया आणि दोन बाप, रोज पाळीने. बाप पाहिजेतच, नाहीतर तेही काम शेवटी मुलींवरच येईल. चिखलणी उरकलेल्या पुरुषाला दुपार मोकळी असते, हे सर्वांना माहीत आहे. आरक्षणामुळे नोकरीत गेलेले आपले शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, रेल्वेतले, बँकेतले बांधव यांनी मिळेल ती रजा खरोखर मुलाजवळ काढावी; घराची रंगरंगोटी आणि नामकरणाचा मंडप यांत ती घालवू नये. कर्मचारी संघटनांनी २०१८ च्या शासन निर्णयातली 'पत्नी हयात नसलेला' ही अट काढण्याची मागणी आपल्या निवेदनात घालावी. आमच्या माहितीतल्या निवेदनांत महागाई भत्ता पहिल्या क्रमांकावर असतो, तो असू द्या. ही मागणी सातव्या क्रमांकावर का होईना, येऊ द्या.

आणि १ मेची ग्रामसभा रोवणीच्या दोन महिने आधी येते. अंगणवाडीची वेळ रोवणीच्या दिवसांत वाढवावी, ती सांभाळायला ग्रामपंचायतीने मानधन द्यावे आणि पालकांच्या बैठकीची नोटीस बापाच्या नावाने निघावी, असे तीन ओळींचे पत्र सरपंचाकडे सभेच्या आठ दिवस आधी दिले तर तो विषय यादीवर घेता येतो. पत्रावर सह्या बापांच्या असाव्यात.